डुकरांचं दळण

दौलतरावाच्या डुकरांनी पहिल्या चार महिन्यांत कोणाचं पोट भरलं असेल, तर ते शेजारच्या कस्तुराबाईच्या कोंबड्यांचं.

डुकरं तीन होती, तिन्ही माद्या. केनवड गावच्या उकिरड्यांवर हिंडणारी काळी, काटक जात ती नव्हे. ही पांढरी, उभ्या कानांची, विलायती रक्ताची आणि सरकारी योजनेत मिळालेली. सोबत खाद्यही मिळालं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात परदेशातून जी लाल मिलो ज्वारी आली होती, तिची काही पोती अजून रिसोडच्या एका गोदामात पडून होती. माणसांनी ती त्या वर्षी नाक मुरडत खाल्ली. आता तिला किडे लागले होते, म्हणून ती डुकरांच्या नावाने आली. दौलतराव सकाळ-संध्याकाळ पाटीभर मिलो त्यांच्यापुढे ओतायचा. डुकरं ती मोठा आवाज करून खायची. पण निम्मे दाणे दातांना चुकवून सरळ पोटात उतरायचे, तिथलं सगळं बघून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जसे गेले तसे बाहेर यायचे.

ही गोष्ट कस्तुराबाईच्या कोंबड्यांना दौलतरावाच्या फार आधी समजली. उजाडलं की त्या कुंपणाखालून वाकून रांगेने आत यायच्या, डुकरांच्या मागे उभ्या राहायच्या आणि वाट बघायच्या. दिवाळीआधीच त्या इतक्या गुबगुबीत झाल्या की त्यांना कुंपणाखालून जाता येईना, वरून उडावं लागलं. कस्तुराबाई सत्तरीची, एकटी राहणारी म्हातारी. ती अंड्यांची टोपली बाजाराला नेताना दौलतरावाच्या दाराशी हमखास थांबायची आणि म्हणायची, "गुणाची हायेत रे दौलत तुही डुकरं!"

दौलतरावाला ते ऐकून बरं वाटायचं. कौतुक त्याच्या वाट्याला फारसं येत नसे.

तो मॅट्रिक होता. छप्पन साली वस्तीने धम्म घेतला तेव्हा तो शाळेत होता, आणि त्या वर्षी त्याने जे वाचायला घेतलं ते अजून खाली ठेवलं नव्हतं. दुकानातून साखरेची पुडी आली तरी तो आधी पुडीचा कागद वाचायचा आणि मग साखर डब्यात ओतायचा. पण वाचलेलं बोलून दाखवायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. अकोल्याला डुक्करपालनाचं दहा दिवसांचं शिबिर झालं, तिथे त्याने शंभर पानी वही भरली. एके दिवशी शिकवणारे साहेब म्हणाले, "धान्य दळून द्यावे." दौलतरावाच्या मनात आलं, किती बारीक? त्याने हात वर केला. साहेबांनी बोलणं थांबवलं, चाळीस माना वळल्या, आणि दौलतरावाने त्या वर केलेल्या हाताने कान खाजवला.

घरी आल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. डुकराला चव्वेचाळीस दात असतात, असं त्याच वहीत लिहिलेलं होतं. एवढे दात काय शोभेला दिलेत?

अश्विनात रिसोडहून डॉक्टरसाहेबांची जीप आली. तरुण, गोरे, बोलण्यात तुटक असे हे गुरांचे डॉक्टर. त्यांनी तिन्ही डुकरांच्या छातीभोवती फीत लावली, काहीतरी हिशेब केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चाळीसच्या वर एकही नाही. खायला काय देता?"

"ज्वारी, सरकीची ढेप, भाजीचा पाला," दौलतराव हळू आवाजात म्हणाला.

डॉक्टरांनी एक काडी उचलली आणि गोठ्याच्या कोपऱ्यातली लीद उकरली. "हे बघा. दाणे मोजा. अहो, ही ज्वारी पेरली तर उगवेल!"

"उगवली हाय साहेब," दाराआडून दौलतरावाची बायको चंपाबाई म्हणाली. "उकिरड्यावर गुडघाभर झाली."

डॉक्टर हसले नाहीत. "दळून देता ना?"

दौलतरावाची मान हलली. ती कशी हलली ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण ती वरून खाली हलली, आणि वरून खाली हललेल्या मानेचा अर्थ सगळ्या जगात एकच होतो.

"मग गिरणीवाला तुम्हाला फसवतोय," डॉक्टर म्हणाले. "दाण्याला वरून टरफल असतं. ते फुटल्याशिवाय पोटातला रस आतल्या पिठाला लागत नाही. दाणा जितका फुटेल तितका पचेल. नाहीतर तुम्ही नुसती पोती एका बाजूने घालताय आणि दुसऱ्या बाजूने काढताय." मग ते जीपकडे जाता जाता वळले. "वीस डिसेंबरला तोलकाटा घेऊन येतो. प्रत्येकी ऐंशी किलो भरली तर डुकरं कायमची तुमची, आणि पैदाशीचं केंद्र इथेच करू. एक जरी कमी भरली तरी तिन्ही उचलून कारंज्याला नेईन. यादीत पुढचं नाव तिथल्या गोविंदसिंगाचं आहे."

जीपची धूळ खाली बसेपर्यंत दौलतराव तिथेच उभा होता. डुकरं आणायची ठरली तेव्हा वस्तीतली जाणती माणसं विहारात जमली होती. एवढं शिकून हे काय काढलंस, असं सगळ्यांनी विचारलं होतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभं राहून तो म्हणाला होता, "हे शास्त्राचं काम हाय." एवढंच म्हणून तो खाली बसला होता, पण म्हणाला होता. आता शास्त्र जीपमध्ये बसून कारंज्याला गेलं, तर त्याने कोणत्या तोंडाने विहारात जावं? शिवाय चंपाबाईने डुकरांसाठी शेळ्यांचा गोठा मोकळा करून दिला होता आणि शेळ्या माहेरी पोचवल्या होत्या. हे ती दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची, आणि आज तर अजून बोललीच नव्हती.

"खोटं काहून बोलले साहेबाशी?" ती बाहेर येऊन म्हणाली.

"म्या बोललोच नाई. मान हालली."

"मंग आता हालवा पाय. गिरनीत जा."

मदनसिंगाची गिरणी गावाच्या मधोमध होती. इंजिनावर चालायची, आणि तिची कुक्‌कुक् शिवारापर्यंत ऐकू जायची. दौलतराव दोन डबे मिलो घेऊन रांगेत उभा राहिला. माणसांच्या दळणात डुकरांचं दळण चालेल का, हे विचारायचं त्याने वाटेत चार वेळा घोकलं होतं. पण समोर मदनसिंग आला, पिठाने मिशा पांढऱ्या झालेला, आणि त्याने डब्यात हात घालून विचारलं, "मिलो? भाकरीचंच ना दौलतभौ?"

मान पुन्हा वरून खाली हलली.

पीठ आलं ते भाकरीचं, मऊसूत, बोटाला लागताच उडणारं. दौलतरावाला आनंद झाला. जितका फुटेल तितका पचेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि याच्याहून जास्त फुटलेली ज्वारी जगात नव्हती. त्याने पीठ ढेपेत कालवून गव्हाणीत ओतलं. थोरलीने तोंड घातलं, एक मोठा श्वास घेतला आणि अशी शिंकली की मधलीच्या अंगावर पिठाचा ढग बसला. मग मधली शिंकली. धाकटी मुळात नाजूक स्वभावाची. तिने एक घास घेतला, तो टाळ्याला जाऊन चिकटला, आणि ती तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून, फोटो काढायला बसलेल्या माणसासारखी स्तब्ध उभी राहिली.

आठ दिवस असंच चाललं. लीद तपासली तर एक दाणा सापडत नव्हता. शास्त्र बरोबर होतं. पण डुकरं गव्हाणीत पीठ टाकून उठत होती, आणि धाकटीने तर पाठ फिरवून बसायला सुरुवात केली.

गावात मात्र वेगळंच पीठ दळलं जात होतं. मदनसिंगाने दोघांना सांगितलं, दोघांनी चौघांना. दौलतरावाच्या घरी अजून मिलोच खातात! दुष्काळ सरला, सगळ्यांच्या घरी पांढरी ज्वारी आली, आणि तो बिचारा सरकारी किडक्या लाल जोंधळ्याची भाकरी खातो, तीही दोन-दोन डबे! चंपाबाई कापूस वेचायला गेली की बायका तिच्याकडे मायेने बघू लागल्या. एकीने तिच्या फडक्यात गपचूप दोन भाकरी बांधल्या. आणि एका दुपारी सरपंचाच्या बायकोने, लिलाबाईंनी, पायलीभर पांढरी ज्वारी पाठवली, निरोपासकट: "लाजू नोको म्हना. येते कोनावरही वेळ."

चंपाबाईने ती पायली डोक्यावर घेतली आणि ती सरळ गिरणीत गेली. दौलतराव मागून धावत होता, पण तो पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"आमी नाई खात मिलो!" ती दारातच ओरडली. "आमच्या घरी कनगीभर शाळू हाय! थे मिलो डुकरं खातेत, डुकरं!"

गिरणीत दहा-बारा माणसं होती. जो तो आपापल्या डब्यात डोकावला. मदनसिंगाने आपल्या पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे म्या आठ दिस डुकरायचं पीठ दळून राह्यलो? आन् त्याच जात्यात हे समदं गाव..."

"तुमी इचारलंच नाई," दौलतराव पुटपुटला.

"भाकरीचं का म्हनून इचारलं होतं का नाई?"

"इचारलं होतं," दौलतरावाने कबूल केलं.

मदनसिंगाने गिरणी बंद केली. संध्याकाळी त्याने दोन्ही दगड उतरवले आणि छन्नी-हातोडा घेऊन त्यांना नव्याने टाकी लावली, म्हणजे दगडांचं अंग पुन्हा खरबरीत करून घेतलं. गाव म्हणालं, आता दगड कोरे झाले, दोष गेला. पण टाकी लावलेल्या गिरणीतलं पहिलं दळण कोणी शहाणा माणूस घेत नाही, त्यात दगडाची कच येते. त्यातून टाकी अशी अचानक लागली की कोणाला ते लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या केनवडच्या भाकरीत कच निघाली, घरोघरी दात करकरले, आणि प्रत्येक करकरीला लोकांनी दौलतरावाचं नाव घेतलं.

गिरणी तर गेली. राहिलं घरचं जातं. सासूच्या काळापासून ते माजघरात भिंतीला टेकून होतं आणि त्यावर चंपाबाई लोणच्याची बरणी ठेवायची.

"म्या दळनार नाई," बरणी उचलून तिने सांगून टाकलं. "दिसभर कापूस येचू, का तुमच्या लाडक्यांले दळू? तुमीच शास्त्र आनलं, तुमीच फिरवा."

पुरुषाने जात्यावर बसायचं, ही गोष्ट केनवडात कोणी ऐकलेली नव्हती. दौलतरावाने दार लावलं, खिडकीला गोधडी टांगली आणि तो मांडी घालून बसला. चंपाबाई रानात गेली होती. घरघर सुरू झाली. तासाभरात त्याचे खांदे भरून आले आणि पाटीत काय पडलं, तर अर्धं पीठ आणि अर्धी आख्खी ज्वारी. पण शरीर गुंतलं की त्याचं डोकं मोकळं व्हायचं. चौथ्या दिवशी त्याला एक युक्ती सुचली. त्याने चंपाबाईच्या दोन चाळण्या घेऊन दळलेल्याचे तीन भाग केले. जाड भाग, नुसता दोन तुकडे झालेला, थोरलीला. मधला भाग मधलीला. आणि पीठ, पाण्यात कालवून, धाकटीला. चार दिवस. मग प्रत्येकीची लीद वेगळी घमेल्यात धुऊन, गाळून, त्याने उन्हात पसरून ठेवली आणि वहीत लिहिलं.

"गाळली कशात?" संध्याकाळी चंपाबाईने विचारलं.

दौलतराव वहीची पानं उलटू लागला.

"अवो, गाळली कशात?"

त्या दिवशी घरातली एक चाळणी कायमची डुकरांची झाली, आणि त्याबद्दल पुढचे आठ दिवस घरात जे बोलणं झालं ते वहीत लिहिलेलं नाही.

वहीत लिहिलं ते असं. थोरली आवडीने खाते, पण लिदीत अर्धवट दाणे बरेच. धाकटीच्या लिदीत काही नाही, पण गव्हाणीत निम्मं उरतं. मधली गव्हाण चाटूनपुसून साफ करते, आणि लिदीतही जवळजवळ काही नाही. म्हणजे उत्तर मधे होतं. फार जाड नाही, फार बारीक नाही. पण तसंच, तेवढंच, सगळंच्या सगळं जात्यातून कसं काढायचं, हे कुठल्या वहीत नव्हतं. डिसेंबर पाच आठवड्यांवर आला होता आणि चाळणीतून निघणारा मधला भाग जेमतेम एका डुकरापुरता होत होता.

अशात एका सकाळी दारावर थाप पडली.

"चंपा! व चंपा!"

कस्तुराबाईचा आवाज. दौलतराव जात्यावर थिजला. कोंबड्यांचं काय झालंय हे त्याला ठाऊक होतं. बिचाऱ्या अजूनही उजाडताच येऊन डुकरांच्या मागे उभ्या राहायच्या, लीद उकरायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि रिकाम्या चोचीने परत जायच्या. अंडी थांबली होती.

"चंपा, आतनी हायेस ना व? जातं तं वाजून राह्यलं."

आता न उघडावं तर ती कुंपणावरून येणार. दौलतरावाने कपाळावरचं पीठ पुसलं, म्हणजे आणखी पसरवलं, आणि दार उघडलं.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि जात्याचा खुंटा अजून किंचित हलत होता.

"अगं माय माय माय," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून पोट धरून हसली.

"कोनाले सांगू नोको मावशी," दौलतराव हात जोडून म्हणाला.

"म्या कायले सांगू? अर्ध्या गल्लीले वाटते तुही बायको घरी बसून दळते आन् रानात तिचं भूत कापूस येचते." ती डोळे पुसत आत आली आणि पाटीतलं दळण बोटांत घेऊन पाहू लागली. हसू ओसरलं. "हे काय दळलं रे? अर्धं पीठ, अर्धे दाने. अशानं डुकरीन काय, कुत्रंही हुंगनार नाई. माह्या कोंबड्याले उपाशी मारलं ते याच्यापायी?"

मग, कसं कोण जाणे, दौलतरावाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डॉक्टर, ऐंशी किलो, कारंज्याचा गोविंदसिंग, थोरली, मधली, धाकटी, टरफल, पोटातला रस, तिन्ही घमेली. इतकं सलग तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. मधल्या भागाची चिमूट त्याने तळहातावर घेऊन दाखवली. "असं पायजे मावशी. एका दान्याचे तीन-चार तुकडे. सारं असंच."

कस्तुराबाईने तळहात डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे कण्या."

"काय?"

"अरे कण्या! शिजवून ताकासंगं खातेस त्या. येवढी वही लिवली, सरळ म्हनाचं होतं का मले कण्या पायजेत म्हनून. सरक."

दौलतराव सरकला. कण्या तो लहानपणापासून खात होता. इतकी वर्षं वाटीत बसलेली गोष्ट आपण घमेल्यात शोधत होतो, हे कळल्यावर त्याला काय वाटलं ते सांगणं कठीण. कान मात्र लाल झाले.

म्हातारीने वरचा दगड उचलायला लावला. मधल्या खुंटीभोवती तिने लुगड्याच्या चिंधीचं एक वेटोळं घातलं आणि दगड परत बसवला. आता दोन दगडांमध्ये केसभर फट राहिली. "आतनी मूठ घाल. भरभर घाल, दाना थांबू देऊ नोको. थांबला का पीठ होते. आन् दाने आधी पान्याचा हात लावून ठेव, म्हंजे फुटतेत, उडत नाईत." तिने दोन फेरे फिरवून दाखवले. पाटीत लाल-पांढऱ्या कण्यांचा पाऊस पडला, एकसारखा, जणू कोणी दाणे मोजून फोडलेत.

दौलतरावाने खुंटा धरला. दहा-बारा फेऱ्यांत हात बसला.

"जातं मुक्यानं फिरवतेत का रे?" म्हातारी म्हणाली. "काहीतरी म्हन. खांदे दुखत नाईत मंग."

"मले ओव्या येत नाईत."

"जे येते थे म्हन."

दौलतरावाने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली मान घालून, आईच्या ओव्यांच्या चालीवर, त्याला जे पाठ होतं ते म्हणायला सुरुवात केली: डुकरीस दोन वेळा स्वच्छ पाणी द्यावे, गव्हाण रोज धुवावी, गोठ्यात वारा खेळता असावा. म्हातारीला सूर बरा वाटला. दुसऱ्या कडव्यापासून ती मागून "द्यावे गं, धुवावी गं" म्हणू लागली.

सौदा असा ठरला की चाळून जे बारीक पडेल, ते रोज कोंबड्यांना भिजवून द्यायचं. त्या दिवसापासून गव्हाणी चाटूनपुसून साफ होऊ लागल्या. थोरलीची पाठ रुंदावली, मधलीच्या मानेला वळी पडली. धाकटी, सगळ्यांत मागे राहिलेली, तीही पाठ फिरवायची विसरली. चंपाबाई कापूस वेचून आली की आधी गोठ्यात डोकावायची, आणि डुकरं नव्हेच, आपण शेळ्या आठवून आलो असं दाखवायची.

वीस डिसेंबरला डॉक्टर आले ते बाजारातला मोठा तोलकाटा आणि वीस-वीस किलोची चार आणि एकेक किलोची काही वजनं घेऊनच. लिंबाच्या फांदीला काटा टांगला. एका पारड्यात ऐंशी किलो आणि पिंजऱ्याच्या वजनाचे दगड, दुसऱ्यात बांबूचा पिंजरा. गाव जमलं. मदनसिंगही आला, पण लांब उभा राहिला.

थोरलीला पिंजऱ्यात घातलं आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं. मधलीचं पारडं जरा विचार करून खाली आलं. धाकटीला आत ढकललं, आणि पारडं हवेतच राहिलं. डॉक्टरांनी तिच्या बाजूला एक-एक किलोची वजनं ठेवून पाहिली. दोन ठेवल्यावर काटा सरळ झाला.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता, उलट त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "दौलतराव, काम छान झालंय. पण नियम म्हणजे..."

"साहेब," चंपाबाई पुढे आली, "तुमी सकाळी न्याहारी केली?"

"केली. का?"

"माह्या धाकटीनं नाई केली. काल सांजेपासून पोटात घास नाई तिच्या. इचारा यायले."

डॉक्टरांनी दौलतरावाकडे पाहिलं.

"वहीत हाय साहेब," दौलतराव म्हणाला. "वजन उपाशीपोटी करावे. खरं वजन येते."

"आजवर मी इतकी डुकरं तोलली," डॉक्टर सावकाश म्हणाले, "पण उपाशी आणलेलं पहिलंच बघतोय. लोक तर आदल्या रात्रीपासून कोंबत असतात." त्यांनी खिशातून कागद काढून उलटसुलट वाचला. "यात ऐंशी किलो लिहिलंय. जेवलेलं की उपाशी, काही लिहिलेलं नाही. जेवू द्या तिला."

चंपाबाईने भिजवलेल्या कण्यांचं घमेलं आणलं. धाकटी बाहेर आली, आणि तिने मान वर न करता घमेलं रिकामं केलं. वर अर्धी बादली पाणी प्यायली. लोक एकेका घोटाला "वाहवा" म्हणत होते. मग तिला परत आत घातलं. पारडं खाली झुकू लागलं, आणि नेमकं तेव्हा धाकटीने शेपूट वर उचललं.

"काटा पाहा साहेब!" चंपाबाई किंचाळली. "काटा पाहा, शेपटी नोको पाहू!"

पारडं जमिनीला टेकलं. डॉक्टरांनी "ऐंशी!" म्हणून वहीत आकडा टाकला, आणि त्याच क्षणी धाकटी मोकळी झाली.

टाळ्या थांबल्यावर डॉक्टरांनी सवयीने काडी उचलली आणि पिंजऱ्याखाली जे पडलं होतं ते उकरलं. बराच वेळ उकरलं. "एकही दाणा नाही. कारंज्यालाही सांगतो असंच करायला. कोणी दळलं हे?"

सगळ्यांनी मदनसिंगाकडे पाहिलं. मदनसिंगाने जोरात मान हलवली, डावीकडून उजवीकडे. मग सगळ्यांनी चंपाबाईकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती झाडाकडे बघू लागली.

"म्या दळलं," दौलतराव म्हणाला. "जात्यावर बसून."

हसण्याची लाट उठली. तिच्यात कस्तुराबाई सगळ्यांत मोठ्याने हसत होती. दौलतरावाचे कान लाल झाले, पण तो तिथेच उभा राहिला, कारण त्याला अजून एक गोष्ट सांगायची होती.

"साहेब, पन हे ऐंशी खरं नाई. घमेल्यातलं अन्न आन् पानीच हाय थे वजन."

"अवो!" चंपाबाईने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

डॉक्टरांनी पेन टोपणात घातलं. "तिने खाल्लं त्यातलं किती अंगी लागेल, दौलतराव?"

दौलतरावाने बोटांवर हिशेब केला. "पान्याचं सांगता येत नाई," तो म्हणाला. "पन कण्या होत्या साहेब. बहुतेक साऱ्याच लागतीन."

"मग मी चुकीचं नाही लिहिलं," डॉक्टर जीपमध्ये बसत म्हणाले. "जरा लवकर लिहिलं."